गावपळणीतला सर्व्हर

झावळीच्या एका पातीची सावली लॅपटॉपच्या पडद्यावर तिरकी पडली होती. संचिता बसली तेव्हा ती सावली शेवटून तिसऱ्या ओळीवर होती. आता ती शेवटच्या ओळीच्याही खाली, रिकाम्या काळ्या जागेत उतरली होती. ओळी मात्र तेवढ्याच होत्या. ऊन सरकलं होतं, स्क्रिप्ट सरकली नव्हती.

"वैनी, एन्टर मारलंस मां?"

"मारलंय गो. सकाळधरसून चौथ्यांदा इचारतंस." किबोर्डपुढे मांडी घालून बसलेली रूपाली पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "आणि हात मांडयेवर ठेव. तुका सांगलंय मां, आज तू खंयच हात लावचो नाय."

संचिताने हात पुन्हा मांडीवर ठेवले. तेही तिला धड जमेना. एका हाताचं बोट दुसऱ्या हाताच्या नखावर फिरत राहिलं.

रूपाली तिच्या चुलतभावाची, नितेशची बायको. धामणवाडे मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात कारकून होती. सकाळी मासळीच्या लिलावात तिचा आवाज खाडीच्या पलीकडे ऐकू जायचा आणि दुपारी तीच बाई सोसायटीचे हिशेब संगणकावर चढवायची. आज मात्र दोघी ऑफिसात नव्हत्या. खाडीच्या अलीकडे, तोंडवलीच्या बाजूला सुरूच्या झाडांखाली झावळ्यांची खोपटी उभी राहिली होती, त्यातल्या एकात त्या बसल्या होत्या. शेजारी टोपलीखाली कोंबडी आणि बाहेर तीन दगडांच्या चुलीवर भात.

गावपळण होती. देवाने कौल दिला की धामणवाड्यातल्या प्रत्येक जिवाने वेस ओलांडायची; माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांनी. तीन रात्री बाहेर काढायच्या आणि पुन्हा कौल मिळाला की परतायचं. निघताना चुली विझवायच्या, दिवे मालवायचे. हल्ली दिवे मालवणं म्हणजे मेन स्विच खाली ओढणं. संचिताचे वडील गुरुदास गावचे मानकरी. घराघरांत फिरून त्यांनी ते पाहिलं होतं. सोसायटीच्या ऑफिसातला स्विच मात्र संचिताने स्वतःच्या हाताने ओढला होता. तिथला सर्व्हर म्हणजे जेवणाच्या डब्याहून थोडी मोठी पेटी. तिचा हिरवा दिवा गेला तेव्हा तिला उगीचच हात जोडावेसे वाटले होते.

ती पेटी रोज दुपारी समुद्राचा अंदाज घ्यायची, वारा आणि लाटांचे आकडे तपासायची आणि आसपासच्या गावांतल्या होडीवाल्यांना फोन लावायची. फोनवर संचिताचा आवाज यायचा: आज वारो सुटतलो, होडये भायर काढू नकात. किंवा, आज दर्या बरो आसा, जावा. गावच्या होड्या आज किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, पण तोंडवलीच्या आणि त्यापलीकडच्या गावांच्या होड्या संध्याकाळी निघणारच होत्या. नितेश यातल्याच एका होडीवर चार दिवस कामाला गेला होता. आणि संध्याकाळी उत्तरेकडचा वारा वाढणार, असं अंदाजात स्पष्ट होतं.

म्हणून पळणीच्या दिवसांसाठी मुंबईत एक मशीन भाड्याने घेतलं होतं. कोरं मशीन. त्याला घड्याळ कुठलं लावायचं हेही माहीत नसतं. ते सगळं शिकवायचं काम स्क्रिप्टचं: कुठली वेळ धरायची, कुठली सॉफ्टवेअर घ्यायची, कुठले दरवाजे उघडे ठेवायचे आणि कुठले बंद, अंदाज कुठून आणायचा, फोन कोणाला लावायचा. छोट्या छोट्या तुकड्यांची लांबलचक माळ. एकदा एन्टर मारला की कोऱ्या मशीनचा धामणवाड्याचा सर्व्हर व्हायला हवा, कोणीही एन्टर मारला तरी.

त्या 'कोणीही'साठीच आज रूपाली किबोर्डवर होती.

कारण संचिताला कोचीला बोलावणं होतं. समुद्रावर काम करणाऱ्या एका संस्थेला तिची ही व्यवस्था गुजरातपासून केरळपर्यंत सगळ्या किनाऱ्यावर उभी करायची होती. ती तिनेच करावी असं त्यांचं म्हणणं होतं. पहिला मेल येऊन दोन वर्षं होत आली. तिने कळवलं होतं, स्क्रिप्ट पुरी झाली की सांगते. मग पावसाळा झाला की सांगते. मग दिवाळीनंतर. दर वेळी स्क्रिप्टमध्ये एक नवा तुकडा वाढायचा. घड्याळ पुढे गेलं तर दुरुस्त करणारा, नेटवर्क गेलं तर पुन्हा प्रयत्न करणारा, जुने आवाज पुसणारा. यातला एकही फालतू नव्हता. प्रत्येक खरोखरच लागणारा होता, आणि हीच अडचण होती. स्वतःची लबाडी तिला कशातच पकडता येत नव्हती.

या आठवड्यात उत्तर हवं, असं आता त्यांनी लिहिलं होतं. त्यांचा सूर सभ्य होता, पण यापुढे ते थांबणार नव्हते हे कळत होतं.

घरी तिने काहीच सांगितलं नव्हतं. घरी म्हणजे बाबांना. आई गेल्यापासून गुरुदास एकटे कधी जेवले नव्हते. ती मालवणच्या कॉलेजात शिकवून उशिरा आली तरी ते ताट उपडं घालून ओट्यावर बसून असायचे. हे फक्त रूपालीला माहीत होतं, आणि कोचीचंही फक्त तिलाच.

"हलना नाय गो ह्या," रूपाली म्हणाली. "मेला काय बघू?"

"मेलेलं नाय. कशाची तरी वाट बघता." संचिता उठली, बाहेर गेली, भाताचं झाकण उघडून पाहिलं, परत आली. मोबाइल काढून कोचीचा मेल उघडला, वाचला नाही, बंद केला. पुन्हा बसली.

"तुका कुल्यात मुंगये चावतत काय?" रूपाली म्हणाली. "एका जाग्यार बस तरी, नायतर भात तरी ढवळ."

"जरा सरक. बघूक दी."

"बघ. हात लावू नको."

संचिता पडद्यापाशी वाकली. शेवटची ओळ वाचली आणि तिला लगेच कळलं. कळल्यावर ती वाकलेलीच राहिली.

"काय झाला?"

"ऑफिसातल्या मशीनाची वाट बघता."

"खंयच्या ऑफिसातल्या?"

"आपल्याच."

रूपालीने झावळ्यांच्या फटीतून खाडीपलीकडे पाहिलं. तिथे माड होते, कौलं होती आणि सोसायटीच्या ऑफिसचा निळा पत्रा होता. धूर कुठेच नव्हता.

"तेका तू स्वतः बंद केलंस मां?"

"होय."

"आणि ह्या मशीन अर्ध्या अर्ध्या मिनिटान थंय जाऊन दार ठोठावता?"

"होय."

"शाबास," रूपाली म्हणाली. "गाव रिकामो झालो ह्या एका मुंबयच्या मशीनाकच कोणी सांगूक नाय."

दुसरी वेळ असती तर संचिता हसली असती. तिच्या डोक्यात होडी फिरत होती. झाडांखाली सोसायटीची पात, म्हणजे छोटी होडी, बांधलेली होती. खाडी पार करायची, मागच्या बाजूने ऑफिसात शिरायचं, स्विच वर, पेटी सुरू होईपर्यंत थांबायचं, मग परत.

"मी जाऊन येतंय," ती म्हणाली. "मागल्या बाजून. कोणाक कळाचा नाय."

रूपालीने पहिल्यांदाच लॅपटॉपवरून हात काढले. "तुझे बाबा खाडयेवर बसलेत. गावात एक जीव ठेवक नाय, असा सगळ्यांका सांगणारो मानकरी, आणि तेचाच चेडू मागल्या दारान गावात! देव रागावतलो काय नाय, तो तेचो प्रश्न. पण तुझ्या बापाशीक उद्या वर मान करून चलाक येतला काय?"

"नितेश जाता आज होडयेवर."

"माझ्या घोवाक मी फोन करून सांगान. बाकीच्यांचा बघ."

संचिता तरीही खोपटीबाहेर पडली. पळणीत सगळ्यांना सुट्टी असते. वाटेत पत्ते चालले होते, एका खोपटीत भजनाची तयारी, कुठे तिसऱ्या दगडासाठी भांडण. गेल्या पळणीला ती कॉलेजात होती, तेव्हा तिलाही हे तीन दिवस संपू नयेसे वाटले होते. आता तिला प्रत्येक खोपटी वाटेत आडवी आल्यासारखी वाटत होती.

खाडीच्या काठावर गुरुदास आणि म्हातारा बाबली वाळूवर बसले होते. बाबलीने तिला आधी पाहिलं.

"इली बघ इंजिनेर. काय गो, तुझ्या कॉम्पुटराक पण पळणीक हाडलंस काय?"

"हाडलंय."

"मगे तेका चारो घातलंस मां? रिकाम्या पोटी चलना नसात."

गुरुदास हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "करमना नाय काय?"

"नाय, असाच इलंय."

पात तिथेच होती, दोरीने सुरूच्या बुंध्याला बांधलेली. गुरुदास तिच्याकडे पाहत नव्हते, पलीकडे गावाकडे पाहत होते. घरातलं कोणी आजारी असलं की उशाशी बसून ते असंच पाहायचे. आता सांगावं का, असं तिच्या मनात आलं. इथे, बाबलीसमोर, एका वाक्यात. वाक्य तयारही होतं; किती दिवस ती ते घेऊन फिरत होती. पण बाबली मध्येच काहीतरी म्हणाला, गुरुदास त्यावर हसले, आणि वाक्य पुन्हा गिळलं गेलं. पातीच्या दोरीला तिने हात लावला नाही. ती वळली आणि आली तशी परत गेली.

रूपाली स्क्रिप्ट उघडून बसली होती. एक बोट पडद्यावर टेकवलेलं.

"हो तुकडो कित्याक घातलंस, ता माका सांग."

संचिता तिच्या शेजारी बसली. "फोन लावण्याची जी सेवा आपण घेतो, तिचा पासवर्ड ऑफिसातल्या मशीनात कुलपात असता. नवीन मशीन जुन्याकडे तो मागता. जुना मशीन माझ्या मोबाइलार इचारता, देऊ काय. मी होय म्हटलंय की देता."

"म्हणजे ऑफिस चालू होया, आणि तू होयी."

"सेफ्टी म्हणान."

"कोणाकडसून सेफ्टी? त्या सेवेचा खाता कोणाच्या नावार आसा?"

"सोसायटीच्या. तुझ्या सहयेवर."

"मगे नवीन पासवर्ड मी माझ्या मोबाइलार आता काढू शकतंय काय नाय?"

"शकतंस."

"मगे तू मधी कित्याक?"

संचिता उत्तर शोधू लागली. तिला सवय होती, प्रश्नाला उत्तर असतंच. कोणी मोबाइल चोरला तर, असं ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला जाणवलं की मग चोरीला जाणारा मोबाइल तिचाच असेल. कोणी चुकून दोन मशीन एकदम लावली तर. पण त्याच्यासाठी वेगळा तुकडा होता, वरती, तिनेच लिहिलेला. रूपाली नुसती तिच्याकडे बघत होती; लिलावात समोरच्याने भाव बोलून झाल्यावर ती जशी थांबायची, तशी.

स्क्रिप्ट तिने किती वेळा तपासली होती, याला हिशेब नव्हता. पण दर वेळी घरी, पडवीत बसून. हाकेच्या अंतरावर ऑफिस, तिथे पेटी सुरू, आणि मोबाइल हातात. मोबाइल थरथरायचा, अंगठा आपोआप 'होय'वर जायचा, ओळी पुढे पळायच्या. ती समाधानाने लिहून ठेवायची: स्क्रिप्ट आपोआप पुरी झाली. प्रयोगशाळेत ती विद्यार्थ्यांना सांगायची की मोजणारा माणूसही मोजमापात धरावा लागतो. इथे तिने स्वतःला धरलंच नव्हतं. अंगठ्याचं ते एक दाबणं तिला दिसलंच नव्हतं, श्वास दिसत नाही तसं.

आणि हा तुकडा कधी लिहिला, तेही तिला आता आठवलं. कोचीचा पहिला मेल आला त्या आठवड्यात. तेव्हा तिला वाटलं होतं, आपण काळजी घेतो आहोत.

"सेफ्टी माझ्याकडसून होती," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे?"

"मी जाव नये म्हणान."

टोपलीखालची कोंबडी उगाच ओरडली.

"काढू?" रूपालीने विचारलं.

"काढ."

"नक्की? मगे माझ्यार ढकलूचा नाय."

"तूच काढ, वैनी."

रूपालीने एक एक ओळ काढली. मध्ये एकदा चुकून शेजारचीही गेली, ती तिने शिव्या घालत परत आणली. मग मोबाइलवरून नवा पासवर्ड काढला, संचिताला तोंड दुसरीकडे करायला लावलं आणि टाकला. संचिताने खरंच तोंड फिरवलं. सुरूच्या सुया वाळूवर पडल्या होत्या, त्या बघत राहिली. आपल्याला माहीत नसलेला पासवर्ड आता या व्यवस्थेत आहे, ही गोष्ट तिला दातात अडकलेल्या काट्यासारखी टोचत होती.

एन्टर. ओळी पळाल्या. रूपालीचं तोंड उघडं राहिलं. मग पुन्हा एक लाल ओळ.

"आता काय?"

"आवाज नाय," संचिता म्हणाली. "माझे रेकॉर्ड केलेले आवाज ऑफिसात रवले."

"मगे आता बोल आणि घाल."

संचिताने मोबाइल उचलला. तोंडापाशी नेला. आज वारो सुटतलो. तोंडपाठ होतं. मग तिने मोबाइल रूपालीपुढे धरला.

"माका?" रूपाली मागे सरकली. "नाय गो बाय. माका नाय जमाचा. माझो आवाज घोगरो."

"लिलावात तर खाडयेपलीकडे जाता."

"ता वेगळा. थंय समोर माणूस असता. हंय कोणाक बोलू?"

"नितेशाक बोल."

रूपालीने पदर सारखा केला, जणू फोटो काढायचा होता. पहिल्या वेळी ती हसली. दुसऱ्या वेळी कोंबडी ओरडली. तिसऱ्या वेळी ती एकदम गंभीर झाली आणि नवऱ्याला दटावल्यासारखी म्हणाली, "आयकतांत मां? आज सांजेक उत्तरेकडचो वारो वाढतलो. होडये भायर काढू नकात. कोणी शाणपणा करू नकात."

"शेवटचा वाक्य काढूया?"

"ऱ्हवांदे. तेका ताच लागता."

पुन्हा एन्टर. या वेळी ओळी थांबल्या नाहीत. घड्याळ लागलं, दरवाजे उघडले आणि बंद झाले, अंदाज आला, नंबर आले. शेवटच्या ओळीनंतर पडदा स्थिर झाला आणि काहीच घडलं नाही. संचिताचा हात मांडीवरून उठला. रूपालीने तो धरून खाली दाबला.

मग शेजारच्या खोपटीत फोन वाजला. त्याच्या पुढच्या खोपटीत. मग पत्त्यांच्या डावात एकदम दोन. गावच्या होड्या ओढलेल्या असल्या तरी नंबर सगळ्यांचेच होते. पलीकडून कोणीतरी ओरडलं, "गे रूपाली, तू माका फोनातसून कित्याक दम देतंस?"

"देतलंय! घरात बस!" रूपाली ओरडली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. नितेशचाही फोन आला. तो काय म्हणाला ते तिने सांगितलं नाही. होडी निघत नाही एवढंच सांगितलं.

संचिताला वाटलं होतं की हे झालं की मोकळं वाटेल. उलट तिचे डोळे पुन्हा पडद्यावर काम शोधत होते. आता कुठलाच तुकडा लिहायचा उरला नव्हता.

थोड्या वेळाने गुरुदास खोपटीच्या दाराशी आले. हातात मोबाइल होता, चप्पल वाळूत रुतलेली. ते वाकून आत आले आणि चटईच्या कडेला बसले.

"आज फोनार रूपाली बोलता," ते म्हणाले. "बरा बोलता. पण पोलिसांनी बोलावल्यासारा."

"काकानु, दर्या कोणाचा आयकना नाय, माणसांनी तरी आयकाक होया," रूपाली म्हणाली. तिने दोघांकडे एकदा पाहिलं, टोपली उचलली, कोंबडी बगलेत धरली. "हिका पाणी दाखवतंय," म्हणत ती बाहेर गेली.

गुरुदास मोबाइल उलटसुलट करत राहिले.

"बाबली म्हणता, तुझ्या चेडवाक बरा नाय काय? म्हणान इलंय. ताप बीप नाय मां?"

"नाय बाबा. मी बरी आसंय."

"मगे बरा." बाहेर भजनाचा पहिला टाळ वाजून पुन्हा थांबला. "तीन राती झाल्यार देवान कौल दिल्यान तर दुपारचा जेवाण घराक. नायतर आणि एक रात हंय." त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. उठायला हात जमिनीवर टेकवला आणि मध्येच थांबले. "घराक गेल्यार फोनार परत तुझोच आवाज येतलो मां?"

होय म्हणणं सोपं होतं. जीभ त्या शब्दावर गेलीही. त्यांचा हात अजून चटईवर टेकलेला होता. ते उत्तरासाठी थांबले होते, आणि कुठलीही घाई नव्हती. संचिताने लॅपटॉप मिटला.

"नाय बाबा. आता रूपाली वैनीचोच येतलो." पुढचं वाक्य तिने सावकाश म्हटलं, प्रत्येक शब्द नीट ऐकू येईल असं. "मी कोचीक जातंय. कामाक. थंयच रवाक जातंय."